वजनाच्या इंजेक्शनचा खर्च: कुठे कमी होतो, कुठे करू नये

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६३ वर्षांच्या, उंची पाच फूट एक इंच, बरीच वर्षं मधुमेह. टिर्झेपेटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू आहे. पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅम झालं, त्यानंतर बारा आठवडे ५ मिलिग्रॅम. वजन ८४ वरून ७७ किलोवर आलं, साखरही खाली आली. आता डॉक्टर ७.५ वर जायचं म्हणतात आणि घरचं बजेट मात्र हात वर करतंय. शेजारीपाजारी तीन सल्ले मिळालेत: मोठा डोस आणून अर्धा-अर्धा घ्या, आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी टोचा, नाहीतर जेनेरिक आलंय ते घ्या. यातलं काय करावं?

ताई, आधी हिशोब नीट मांडू या. घरोघरी पहिली चूक तिथेच होते. एका पेनमध्ये चार डोस असतात, म्हणून लोक ‘महिन्याचा पेन’ म्हणतात आणि बाराने गुणतात. पण वर्षात आठवडे ५२ असतात, म्हणजे पेन लागतात तेरा. मौन्जारो, म्हणजे लिली कंपनीचं टिर्झेपेटाइड, मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची व्हायल (एका डोसची छोटी बाटली) ३,५०० रुपयांना होती आणि ५ ची ४,३७५ ला. नंतर आलेल्या पेनचा दरही त्याच हिशोबाने लावलेला होता, ५ मिलिग्रॅमचा पेन १७,५०० रुपये. म्हणजे वर्षाचे २ लाख २७ हजार ५००. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. १७,५०० ला १.१२ ने भागून १.०५ ने गुणलं की १६,४०६ येतात, वर्षाचे साधारण २ लाख १३ हजार. तुमच्या हातातल्या बिलावर ५ मिलिग्रॅमच्या पेनचे १७,५०० लागलेले दिसले, तर बिलावरचा जीएसटीचा दर आणि खोक्यावरची छापील किंमत दोन्ही बघा. दर १२ टक्के लावला असेल तर दुकानदाराला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हा वर्षाचा आकडा आधी मांडण्याचं कारण असं की हे औषध तीन-चार महिन्यांचा कोर्स नाही. टिर्झेपेटाइडच्या सर्माउंट-४ चाचणीत ३६ आठवडे सगळ्यांना औषध दिलं आणि मग निम्म्या लोकांचं बंद केलं. बंद केलेल्यांचं वजन पुढच्या वर्षभरात १४ टक्के वाढलं. चालू ठेवलेल्यांचं आणखी साडेपाच टक्के उतरलं. सेमाग्लुटाइड या दुसऱ्या आठवडी इंजेक्शनचंही तेच आहे. स्टेप-१ चाचणीतल्या लोकांनी औषध सोडल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं. चार महिने सत्तर हजार खर्चून मग ‘झेपत नाही’ म्हणून सोडणं हा सगळ्यात महाग पर्याय आहे, कारण त्यातलं बरंचसं परत येतं. तेव्हा ‘या महिन्यात किती वाचले’ हे न बघता ‘दीड वर्ष न तुटता कसं चालेल’ हे बघा. पुढचं सगळं उत्तर त्याच मापाने लिहिलंय.

आता ७.५ चं बघू. छापील किंमत डोसबरोबर चढते, त्यामुळे पायरी चढायची की नाही हाच पैशाचा सगळ्यात मोठा निर्णय आहे. तो डॉक्टरांचाच, पण त्यांच्यासमोर काय ठेवायचं ते सांगतो. ५ मिलिग्रॅम हा नुसता मधला टप्पा नाही. टिर्झेपेटाइडचे टिकवायचे डोस ५, १० आणि १५ असे तीन आहेत. २.५ ही पोटाला सवय लावायची पायरी, आणि ७.५ व १२.५ या चढताना लागणाऱ्या मधल्या पायऱ्या. मधुमेह नसलेल्या लोकांवरच्या सर्माउंट-१ चाचणीत ७२ आठवड्यांनी ५ मिलिग्रॅमवर सरासरी १५ टक्के वजन उतरलं, १० वर साडेएकोणीस आणि १५ वर जवळपास एकवीस. पाचवरून दहावर गेल्याने साडेचार टक्के मिळाले, दहावरून पंधरावर गेल्याने दीड टक्काही नाही. मधुमेह असलेल्यांत आकडे सगळेच खाली येतात. सर्माउंट-२ मध्ये १० मिलिग्रॅमवर १२.८ टक्के होते, १५ वर १४.७.

तुमच्या आईंचे ८४ पैकी ७ किलो गेले, म्हणजे सव्वाआठ टक्के, आणि तेही मधुमेह असून सोळा आठवड्यांत. ही चाल चांगली आहे आणि अजून थांबलेली नाही. वजन उतरणं एकाच डोसवरही बरेच महिने चालू राहतं. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, ‘वजन अजून उतरतंय, तर आणखी आठ आठवडे ५ वरच राहिलो तर चालेल का? काटा अडकला तर चढू.’ रोज सकाळी एकाच वेळी, एकाच काट्यावर केलेल्या वजनाची वही बरोबर न्या. पुष्कळ डॉक्टर ‘चालेल’ म्हणतील. साखर ताब्यात नसेल किंवा काटा हललाच नसेल तर मात्र चढण्याला अर्थ आहे, आणि तिथे पैशासाठी अडून बसू नये. सगळ्यात वरचा सोसवणारा डोस गाठून सहा महिने झाले आणि पाच टक्केही वजन उतरलं नाही, तर औषध चालू ठेवायचं का हा प्रश्न काढायलाच हवा. काम न करणाऱ्या औषधाचं बिल हा सरळ तोटा.

शेजाऱ्यांच्या पहिल्या सल्ल्याकडे येऊ. ‘१० ची व्हायल आणून दोनदा ५ घ्या.’ टिर्झेपेटाइडची अर्ध्या मिलीची व्हायल एका डोसची असते आणि तिच्यात जंतू मारणारं प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं नसतं. रबरात एकदा सुई गेली की उरलेलं औषध फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवायच्या लायकीचं राहत नाही. मधुमेहाच्या माणसाच्या पोटाच्या कातडीत गळू झालं, तर ते कापण्याचा आणि प्रतिजैविकांचा खर्च वाचवलेल्या पैशांच्या वर जाऊ शकतो.

पेनमध्ये वेगळीच शक्कल चालते. चार डोस झाल्यावर काचेत थोडं औषध उरलेलं दिसतं आणि लोक ते सिरिंजने ओढून ‘पाचवा डोस’ काढतात. ते उरतं कारण दर वेळी सुईतली हवा काढायला थोडं औषध सांडावं लागतं आणि दट्ट्या काचेच्या तळापर्यंत जात नाही. त्यात पूर्ण डोस आहे की पाऊण, हे कळायला मार्ग नाही. शिवाय पेन उघडून तोवर तीस दिवस होत आलेले असतात आणि टिर्झेपेटाइडच्या पेनची मुदत तेवढीच आहे. नवरा-बायको मिळून एकच पेन, सुई फक्त बदलायची, हेही सर्रास चालतं. टोचताना रक्ताचा अंश मागे काडतुसात जाऊ शकतो. हिपॅटायटिस बी आणि सी अशाने पसरतात. इथे कुठल्याही हिशोबाने ‘हो’ येत नाही.

पंधरा दिवसांनी एकदा टोचायचं? टिर्झेपेटाइडचं अर्धं औषध साधारण पाच दिवसांत शरीरातून जातं. म्हणजे दहा दिवसांनी चौथा हिस्सा उरतो आणि पंधराव्या दिवशी आठवा. त्या दुसऱ्या आठवड्यात भूक परतू लागते, आणि पंधराव्या दिवशी पुन्हा पूर्ण डोस गेल्यावर मळमळ नव्याने सुरू होऊ शकते. पैसे निम्मे गेले तरी फायदा किती उरेल याची खात्री नाही, आणि मळमळ-उलट्या मात्र दर पंधरवड्याला नव्या होऊ शकतात. वजन पुरेसं उतरून स्थिर झाल्यावर काही डॉक्टर अंतर हळूहळू वाढवून बघतात. ती वेगळी गोष्ट आहे, त्यांच्या देखरेखीत आणि शेवटच्या टप्प्यात करायची. आईंचं वजन अजून उतरतंय, त्यांच्यासाठी ते आत्ता नाही. डोस चुकलाच तर चार दिवसांच्या आत घेता येतो. त्यापेक्षा उशीर झाला तर तो सोडून पुढच्या ठरलेल्या दिवशी घ्यायचा. लागोपाठ दोन-तीन चुकले तर स्वतःहून जुन्या डोसवर जाऊ नका, डॉक्टर कदाचित खालच्या पायरीपासून चढवतील. खंड पडला की पायऱ्यांचे पैसेही पुन्हा भरावे लागतात.

तिसरा सल्ला जेनेरिकचा, आणि खरी बचत आहे ती इथेच. पण आधी नाव नीट लक्षात घ्या. जेनेरिक आलंय ते सेमाग्लुटाइडचं, टिर्झेपेटाइडचं नाही. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं आणि भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. टिर्झेपेटाइडचं पेटंट अजून बरीच वर्षं आहे. दुसऱ्या नावाने मिळणारा युरपीक हा सिप्लाने लिलीशी करार करून आणलेला तोच माल आहे, किंमतही तीच. त्यामुळे ‘स्वस्त जेनेरिक टिर्झेपेटाइड’ म्हणून कुणी काचेच्या बाटलीत पांढरी पावडर दाखवली, जी घरी पाण्यात कालवून घ्यायची आहे, तर ते औषध म्हणून मंजूर नाही. व्हॉट्सॲपवर अशा जाहिराती पुष्कळ फिरतात. तिथे बिल मागितलं की समोरचा गप्प होतो.

मग आईंनी टिर्झेपेटाइड सोडून जेनेरिक सेमाग्लुटाइडवर यावं का? औषध थोडं कमी ताकदीचं आहे, हे मान्य करून निर्णय घ्या. दोन्हींची समोरासमोर तुलना करणाऱ्या सर्माउंट-५ मध्ये टिर्झेपेटाइडवर २०.२ टक्के आणि सेमाग्लुटाइडवर १३.७ टक्के वजन उतरलं, तेही मधुमेह नसलेल्यांत. मधुमेह असलेल्यांवरच्या स्टेप-२ मध्ये सेमाग्लुटाइड १ मिलिग्रॅमवर ७ टक्के आणि २.४ वर ९.६ टक्के. म्हणजे आईंचं कमावलेलं टिकवायला हे औषध बहुधा पुरेल, आणखी बरंच उतरवायला कदाचित कमी पडेल. माझं मत विचाराल तर असं आहे. पैशाची ओढाताण नसेल तर आहे त्यावरच रहा. पण टिर्झेपेटाइड सहा महिन्यांत बंदच करावं लागणार असेल, तर आत्ताच डॉक्टरांशी बोलून सेमाग्लुटाइडवर येणं चांगलं. दोन वर्षं सलग चालणारं मध्यम औषध मी सहा महिन्यांत तुटणाऱ्या उत्तम औषधापेक्षा वर ठेवतो.

बदलताना मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावू नका. ‘५ चालू होतं, मग हे १ म्हणजे पाचपट कमी’ हा हिशोब चूक आहे, दोन्ही रेणू वेगळे. सेमाग्लुटाइडच्या पायऱ्या ०.२५, ०.५, १, १.७, २.४ अशा आहेत आणि प्रत्येकीवर चार आठवडे. कुठल्या पायरीवरून सुरू करायचं ते डॉक्टर ठरवतील. मधुमेह असलेल्यांना १ मिलिग्रॅमवरही बऱ्यापैकी गुण येतो, म्हणून २.४ पर्यंत चढायचंच असं धरून बजेट आखू नका.

जेनेरिक पेनमध्ये घ्या किंवा व्हायलमध्ये, पण व्हायल स्वस्त म्हणून घेतलीत तर सिरिंजकडे लक्ष द्या. औषध कितीही चांगलं असलं तरी घोटाळा होतो तो इथे. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपीची यू-४०, नारिंगी टोपीची यू-१००. दोन्हींवर ‘युनिट’ लिहिलेलं असतं, पण यू-१०० वर एका मिलीचे १०० भाग असतात आणि यू-४० वर ४०. समजा डॉक्टरांनी ०.२ मिली घ्यायला सांगितलं. नारिंगीवर ते २० च्या खुणेवर येतं, लालवर ८ च्या. नारिंगीचा आकडा लक्षात ठेवून लाल सिरिंजमध्ये २० ओढलंत तर आत जातं अर्धा मिली, म्हणजे अडीचपट. त्या रात्री उलट्या थांबत नाहीत आणि सकाळी सलाइन लागतं. उलट बाजूने, लालवर ८ घेण्याची सवय आहे आणि घरात नारिंगी आली, तर आत जातो निम्म्याहूनही कमी डोस आणि मग ‘जेनेरिक काम करत नाही’ असं वाटतं. म्हणून चिठ्ठीवर डोस मिलिग्रॅम आणि मिली दोन्हींत लिहून घ्या, नुसता युनिटमध्ये नको. व्हायलवर एका मिलीत किती मिलिग्रॅम आहे ते वाचा, कारण कंपनी बदलली की हा आकडा बदलू शकतो. पहिल्यांदा फार्मासिस्टसमोर रिकाम्या सिरिंजवर खूण दाखवून घ्या. सिरिंज घरात एकाच रंगाची ठेवा. आई आधीपासून लाल टोपीवाली वापरून इन्सुलिन घेत असतील तर मी व्हायल टाळून पेनच घ्यायला सांगेन, थोडे जास्त पैसे गेले तरी.

दोन कंपन्यांच्या किमतींची तुलना करताना चार आठवड्यांचा एकूण खर्च मांडा: औषध, सुया किंवा सिरिंज, आणि उघडल्यानंतरची मुदत. मुदत विसरू नका. सेमाग्लुटाइडच्या मूळ पेनला उघडल्यापासून सहा आठवडे मिळतात. जेनेरिकचं पत्रक वेगळं म्हणत असेल तर तेच खरं. मुदत चार आठवड्यांची आणि बाटलीत सहा आठवड्यांचं औषध असेल, तर ती ‘स्वस्त’ बाटली तिसरा हिस्सा मोरीत ओतायला लावते.

खरेदीबद्दल. औषधाच्या साखळीत, सरकारने किंमत बांधून न दिलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला साधारण २० टक्के आणि स्टॉकिस्टला (घाऊक वितरकाला) १० टक्के सुटतात. म्हणून ब्रँडेड इंजेक्शनवर १० ते १५ टक्के सूट कुणी दिली तर ती खरी असू शकते, नेहमीचं गिऱ्हाईक असाल तर मागूनच घ्या. कुणी ४० टक्के सोडत असेल तर तो कुणाच्या खिशातून सोडतोय, ते विचारा. माल खोटा असेल, उन्हात पडलेला असेल किंवा मुदत संपत आलेला असेल. भारतीय जेनेरिकमध्ये मार्जिन बरंच मोठं असतं, तिथे सूटही मोठी मिळू शकते आणि ती संशयास्पद नाही. आरएनटी मार्गावरच्या दवा बाजारात घाऊक धंदा आहे, पण किरकोळ विकणारीही दुकानं आहेत. दोन-तीन ठिकाणी विचारून बघा. मात्र बिलावर बॅच नंबर आणि मुदत असल्याशिवाय घेऊ नका, आणि फ्रिजमधून काढून हातात दिलेलंच घ्या. काउंटरवर कपाटात ठेवलेलं खोकं कितीही स्वस्त असलं तरी नाही.

आधीच साठा करायचा मोह टाळा. ‘तीन पेनवर जादा सूट’ ही योजना पहिल्या पाच महिन्यांत तोट्याची ठरते, कारण डोस बदलला की उरलेले पेन पडून राहतात आणि थंड ठेवायचं औषध दुकानदार परत घेत नाही. पायरी बदलताना तर एकेक व्हायल घेणं सगळ्यात शहाणपणाचं. पहिल्या डोसनेच उलट्या सुरू झाल्या तर तीन डोसांचे पैसे वाचतात. एक डोस स्थिर झाला आणि वजनाची वहीही तेच सांगू लागली, की मग दोन महिन्यांचा माल घ्यायला हरकत नाही.

ऑनलाइन मागवताना किमतीपेक्षा डिलिव्हरीची वेळ बघा. मे महिन्यात इंदूरला पारा ४० च्या वर असतो, आणि हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रिजबाहेर जास्तीत जास्त ३० अंशांपर्यंत. दुपारी दोन वाजता गाडीच्या डिकीतून आलेलं, आतला जेल पॅक पाण्यासारखा झालेला पुडा घेऊ नका. पैसे आधी भरले असले तरी दारातूनच परत करा आणि फोटो काढून ठेवा. उन्हाळ्यात सरळ दुकानातून आणा, संध्याकाळी, छोट्या थर्मासमध्ये. बर्फाचा पॅक रुमालात गुंडाळून, खोक्याला थेट टेकणार नाही असा.

घरच्या फ्रिजमध्येही औषध वाया जातं. एकदारी फ्रिजमध्ये फ्रीझरच्या खालचा कप्पा आणि मागची भिंत या दोन जागा औषध गोठवतात. एकदा गोठलं की वितळून स्वच्छ दिसलं तरी ते टाकून द्यायचं. दारातल्या कप्प्यात दर वेळी उघड-झाक होते. मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात ठेवा. लाइट गेली तर दार उघडून बघत बसू नका, बंद फ्रिज तीन-चार तास सहज तग धरतो. एक पेन खराब होणं म्हणजे वर्षभराच्या सगळ्या सवलती गेल्या.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ते, म्हणजे आईंची बाकीची चिठ्ठी. मधुमेहाच्या गोळ्यांत सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन किंवा टेनेलिग्लिप्टिन असेल, एकटी किंवा मेटफॉर्मिनबरोबर मिसळलेली, तर ती कशासाठी चालू आहे ते विचारा. या गोळ्या आणि हे इंजेक्शन शरीरात एकाच वाटेने काम करतात, एकत्र दिल्याने जादा फायदा नसतो. बऱ्याच वेळा ती गोळी नुसती जुन्या चिठ्ठीवरून पुढे चालत आलेली असते. ग्लिमेपिराइड असेल तर तिचा डोस कमी करण्याबद्दल विचारणं बचतीपेक्षाही सुरक्षिततेसाठी गरजेचं आहे, कारण भूक मेलेली आणि गोळी तीच राहिली तर साखर खाली जाते. घाम आला, हात कापले, डोळ्यांसमोर अंधारी आली तर लगेच साखर किंवा गूळ द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वजन उतरल्यावर रक्तदाबाच्या गोळ्याही कमी होऊ शकतात. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर तो इशारा समजा. उरलेल्या मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, ॲटोर्वास्टॅटिन यांसारख्या नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घ्या. तिथे त्या ब्रँडपेक्षा निम्म्याहून स्वस्त मिळतात, आणि वर्षाला हा फरक चांगलाच जाणवतो.

पण एक तपासणी कधीच टाळू नका. जुन्या मधुमेहात साखर झपाट्याने उतरली की डोळ्याच्या पडद्याचा त्रास काही वेळा वाढतो. वर्षात डोळे तपासले नसतील तर आधी तपासून घ्या. रक्तात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) दर तीन-सहा महिन्यांनी पुरे. ‘होल बॉडी’ पॅकेजची या औषधासाठी गरज नाही. प्रोटीन पावडर, इंजेक्शनसोबत म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या, केसांची सप्लिमेंट, हा महिन्याचा दोन-तीन हजारांचा खर्च बहुधा टाळता येतो. स्नायू टिकवायला प्रथिनं लागतात हे खरं, पण ती मूग-हरभऱ्याच्या उसळीतून, दह्यातून, पनीरमधून आणि चालत असेल तर अंड्यातून येतात. भूक कमी असताना ताटात आधी तेच खायला घाला, पोळी-भात मागाहून. इंजेक्शनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सराफ्यातली कचोरी किंवा शेवेचा डोंगर घातलेले पोहे खाल्ले, तर तेलकट अन्न पोटात बराच वेळ तसंच राहतं आणि रात्री उलटी होऊ शकते. मग इमर्जन्सीचं बिल. उजव्या बाजूला बरगडीखाली किंवा पाठीत जाणारं जोराचं दुखणं थांबत नसेल तर मात्र घरगुती उपायात वेळ घालवू नका. पित्ताशयातले खडे किंवा स्वादुपिंडाची सूज असू शकते.

एक गोष्ट स्वस्त पॅकेजवाल्या स्लिमिंग सेंटरबद्दल. ‘इंजेक्शन आमच्याकडेच येऊन घ्या’ म्हणणारे पुष्कळ आहेत. तिथे भरलेली सिरिंज समोर आली आणि खोकं, बॅच नंबर, कंपनी काही दाखवलं नाही, तर आत काय गेलं ते कुणालाच माहीत नाही. तुमच्यासमोर उघडलेलं सीलबंद खोकं, एवढी एकच अट ठेवा.

विम्याकडून फार आशा ठेवू नका. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी ओपीडीची औषधं देत नाहीत आणि वजनाच्या उपचाराचा वगळणूक-कलमातच उल्लेख असतो. तिथे अपवाद फक्त शस्त्रक्रियेचा आहे, तोही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४० किंवा जास्त, किंवा ३५ वा जास्त आणि सोबत गंभीर आजार असेल तेव्हा. आईंना मधुमेह आहे, म्हणून ओपीडीचं वेगळं कव्हर असेल तर चिठ्ठीवर निदान ‘टाइप-२ मधुमेह’ असं स्पष्ट लिहून घ्या. ते खरंही आहे, आणि ‘वजन कमी करण्यासाठी’ एवढंच लिहिलेला दावा लगेच फेटाळला जातो.

आयकरात मात्र हाताशी एक वाट आहे. आईंच्या नावावर कुठलाही आरोग्य विमा नसेल आणि त्यांची औषधं तुम्ही भरत असाल, तर जुन्या कर-पद्धतीत ८०डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वजावटीखाली ६० वर्षांवरच्या पालकांच्या वैद्यकीय खर्चापोटी ५०,००० रुपयांपर्यंत तुमच्या उत्पन्नातून वजा होतात. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये उपकरासह १०,४०० रुपये वाचतात आणि ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये १५,६००. म्हणजे जवळजवळ एका पेनची किंमत. अट अशी की पैसे रोख दिलेले चालत नाहीत. यूपीआय किंवा कार्डाने द्या, तेही तुमच्या खात्यातून, बिल आईंच्या नावाने घ्या आणि चिठ्ठीची प्रत त्यालाच टाचून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात, तेव्हा बिल हातात आलं की त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.